डबल बेल आणि मोरपंखी मणी

सकाळी सव्वासहा वाजता खालच्या पडवीत एसटीची बेल दोनदा वाजायची आणि माझी झोप संपायची. चंद्रपुरातल्या त्या घरात मी अडीच वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात एकदाही गजर लावल्याचं मला आठवत नाही. पहिल्या दिवशी तर दचकून उठले आणि आपला थांबा मागे गेला या भीतीनं अंधुक उजेडात पिशवी शोधू लागले. मग लक्षात आलं की आपण वरच्या खोलीत आहोत, गादीवर आहोत, आणि खाली कुणीतरी वेडा आहे.

तो वेडा म्हणजे आमचे घरमालक, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला बाई. मीही तेच उचललं. निवृत्तीनंतर भाऊंनी घरच्या घरी काचेचे मणी करायला सुरुवात केली होती. पडवीत गॅसवर चालणारा सोनारकामाचा बर्नर, एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात सायकलच्या चाकाची तार, आणि वितळलेली काच त्या तारेवर गुंडाळत बसलेला खाकी शर्टातला माणूस. इथवर कुणाची हरकत नव्हती. हरकत होती बेलची. एसटीत कंडक्टरनं दोरी ओढून एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. उभा जन्म त्या दोन बेलांवर गाडी काढलेल्या भाऊंना बर्नरसुद्धा डबल बेलशिवाय पेटवता येत नसे. भंगारातून आणलेली पितळी बेल त्यांनी पडवीत ठोकली होती आणि तिची दोरी भिंतीच्या भोकातून थेट स्वयंपाकघरात नेली होती. बाई कणीक मळता मळता पिठाच्या हातानं ती ओढायच्या.

“भाऊ, बेल तुमच्या हाताशी आहे. तुम्हीच वाजवा ना, जरा हळू,” मी एकदा सुचवून पाहिलं.

“सोतःच बेल माराची आन् सोतःच गाडी काढाची, तं मंग कंडक्टर कायले ठिवला सरकारनं?” भाऊ म्हणाले. “मॅडम, बेल म्हंजे घरात दुसरं माणूस जागं हाय, आन् त्याले मालूम हाय का इथी जाळ पेटला. एकट्यानं जाळ पेटवाचा नाई.”

म्हणणं बिनतोड होतं. पण सव्वासहा वाजता बिनतोड म्हणणं ऐकून घ्यायला माणूस संत असावा लागतो, आणि मी मोजणी खात्यात नोकरीला होते.

भाऊ मला ‘मॅडम’ म्हणत आणि एकेरीत बोलत. “मॅडम, तू जेवली का?” हे त्यांच्या दृष्टीनं व्याकरणशुद्ध वाक्य होतं. ऑटोत बसले की त्यांचा उजवा पाय सगळा वेळ समोरच्या पत्र्यावर ब्रेक दाबत राहायचा. एकदा तर एका ऑटोवाल्यानं मागे वळून “भाऊ, पत्रा फोडता का माझा?” असं विचारलं होतं. कुठेही गेले तरी ते बसत उजव्या बाजूला. लग्नाच्या पंगतीत उजवीकडचं टोक मिळालं नाही तर दुसऱ्या पंगतीपर्यंत थांबत. पडवीत बर्नरसमोरच्या भिंतीवर त्यांनी बसचा बाजूचा मोठा आरसा बसवला होता. जळत्या ज्योतीसमोर मान वळवायची नाही असा नियम असल्यामुळे मागे अंगणात कोण आलं, बाई काय करतात, मांजर कुठे निघालं, सगळं ते त्या आरशात बघत. पाठ करून बसलेल्या माणसानं “मॅडम, चप्पल उलटी घातली” असं सांगितलं की कसंसंच व्हायचं.

खोली बघायला गेले तेव्हाची मुलाखत मी अजून लोकांना सांगते. भाऊंनी मला दोनच प्रश्न विचारले होते. पहिला, “पहाटे उठता येते का?” दुसरा, “कपडे सुती घालते का नायलॉनचे?” परक्या गावात खोली शोधणाऱ्या एकट्या मुलीनं दुसऱ्या प्रश्नानंतर पायात चपला घालायच्या असतात. मी घातल्याही होत्या. तेवढ्यात आतून बाई आल्या.

“अवो, पोरगी भिली नं तुमच्यानं! नायलॉन जाळात पटकन पेटते म्हून इचारून राह्यले ते. हे आलं-गेलं त्याले मणी कराले बसवते बाप्पा. पोस्टमनलेबी बसवलं होतं.”

पोस्टमननं तीन मणी केले होते म्हणे. चौथ्यापासून तो पत्रं शेजारच्या घरी टाकू लागला.

मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, लहानपणापासून. त्यामुळे मी पुष्कळ दिवस दाद दिली नाही. शेवटी एका रविवारी, निव्वळ बेलवरचा सूड म्हणून, मी खाली जाऊन म्हटलं, “दाखवा काय ते.” भाऊंनी मला गाडी तपासावी तसं पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. ओढणी काढायला लावली, केस घट्ट बांधायला लावले, वेल्डिंगवाल्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला. पडवीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, धुराचा पंखा लावला. सिलिंडर भिंतीपलीकडे अंगणात होताच. पायाशी पाण्याची बादली, शेजारी वाळूचं घमेलं. एवढं सगळं झाल्यावर ते माझ्या हातात एक सायकलची तार देऊन म्हणाले, “आज फक्त हे फिरवाची.”

“काच?”

“काच पुढच्या रविवारी.”

मी तासभर रिकामी तार बोटांत फिरवत बसले. एकसारखी, न थांबता, एकाच वेगानं. काच वितळली की पाण्यासारखी खाली ओघळते, तार थांबली की मणी लोंबतो, म्हणून हात थांबता कामा नये. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं तरी मला कळलं असतं. पण भाऊंचा सांगण्यावर विश्वास नव्हता. ते स्वतः फोनवर परदेशी बाईचे व्हिडिओ आवाज बंद करून बघून शिकले होते. “ते काय बोलते, मले समजत नाई. हात काय करते ते समजते,” असं म्हणत.

तारेला आधी वारुळाच्या मातीत खडूची पूड कालवून केलेला लेप द्यायचा आणि तो वाळवायचा, म्हणजे मणी तारेला चिकटून बसत नाही. हे त्यांना सुरुवातीला ठाऊक नव्हतं. त्यामुळे पहिले कितीतरी मणी तारेवरच कायमचे राहिले होते आणि त्या तारा बाईंनी कुंडीत टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावल्या होत्या. तारेवरून सुखरूप उतरलेला पहिला मणी म्हणजे एक अजब प्रकरण होतं. एका गालात पान ठेवलं असावं तसा एका बाजूनं फुगलेला, भोक तिरकं, रंग धड निळा नाही की हिरवा नाही. भाऊ तो फेकायला निघाले होते. बाईंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि आत नेला. पुढे त्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

काच म्हणजे फुटक्या बांगड्या. बाजारातल्या बांगडीवाल्यांकडून भाऊ पिशवी भरून तुकडे आणत, वितळवून त्यांच्या कांड्या ओढत. वेगवेगळ्या कारखान्यांच्या बांगड्या एका मण्यात आल्या की थंड होताना मणी तडकतो. हे कळायला त्यांना एक अख्खा उन्हाळा लागला होता. “आमी जिंदगीभर जात मानली नाई,” ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून म्हणत, “आन् या काचेनं मले म्हातारपणी मानाले लावली, मॅडम.” मग खूप हसत.

कांडी एकदम ज्योतीत घातली तर तिचे तुकडे उडतात. आधी ज्योतीच्या कडेकडेनं तिला ऊब द्यायची. “थंडं इंजिन रेस करू नोको,” भाऊ मागून म्हणत. मणी झाला की तो तारेसकट तांदळाच्या गिरणीतल्या कोंड्याच्या गरम राखेत खुपसायचा. हळूहळू निवायला हवा, नाहीतर फुटतो. राखेच्या त्या पत्र्याच्या डब्याला भाऊ ‘डेपो’ म्हणत. गाडी एकदा डेपोत लागली की सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

मी लावला. माझा पहिला मणी, लाल, बराच गोल, निदान ज्योतीत असताना तसा वाटलेला. संध्याकाळी कचेरीतून आले आणि पडवीत कुणी नाही असं बघून राखेतून उकरून काढला. तो अजून गरम होता. वारा लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत ‘टिक्’ असा आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले. मी ते परत राखेत पुरले. सकाळी भाऊंनी डबा उघडला, तुकडे तळहातावर घेतले आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

“डेपोत चोरी झालेली दिसते,” एवढंच म्हणाले.

मी उलट भांडले. राखच वाईट आहे, काचच वाईट आहे, मला मुळात हे शिकायचंच नव्हतं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. गरम काच नुसती नारिंगी दिसते, तिचा खरा रंग निवल्यावर कळतो, म्हणून गरम काचेला रंग विचारायचा नाही असं ते नेहमी सांगत. त्या दिवशी म्हणाले, “मॅडम, तू आता तापली हाय. तुले उद्या सकाळी इचारतो.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. तोवर मला माझीच लाज वाटायला लागली होती.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आता सांगायला हवं. बाईंजवळ त्यांच्या आईनं दिलेली काचमण्यांची एक पोत होती. बारीक मोरपंखी मणी, आणि मधोमध त्याच रंगाचा एक मोठा. तो मोठा मणी हरवला होता. हरवला कसा, ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली, आणि दर वेळी दोघांनी मिळून सांगितलेली. भाऊ पडवीतून, बाई स्वयंपाकघरातून.

“नवं लग्न झालं होतं. अहेरी-सिरोंचा गाडी होती माही. हे माहेरी चालली होती, तिसऱ्या सीटवर बसली होती.”

“दुसऱ्या.”

“दुसऱ्या. सागाचं जंगल लागलं आन् एक खड्डा आला—”

“आला नाई, पयलेपासून होता तिथी. गाडीतल्या साऱ्यायले दिसला.”

“त्या खड्ड्यात गाडी आदळली. हिची पोत अटकली खिडकीच्या दांड्यात आन् तुटली. सारे मणी गाडीभर. मी गाडी उभी केली जंगलात. म्हटलं, मणी सापडल्याबिगर गाडी हालन नाई. सारे पॅसेंजर सीटखाली. एका माडिया म्हाताऱ्याच्या मोहफुलायच्या टोपल्यात तीन सापडले. सारे सापडले, तो मोठा नाई सापडला. गिअरपाशी पत्र्याले भोक होतं, तिथून गेला असन. गाडी लेट झाली. लेट काऊन झाली म्हून इचारलं, तं मी कागदावर लिवून देल्लं, मणी हरपला.”

मग बाई आतून विचारायच्या, “साऱ्यायले दिसला तो खड्डा तुमालेच काऊन नाई दिसला?”

“आरशात तू दिसून राह्यली होती नं,” भाऊ म्हणायचे. एवढं सांगताना त्या वयातही त्यांचे कान लाल व्हायचे.

मधला मणी नाही म्हणून बाईंनी ती पोत पुन्हा घातली नाही. डब्यात ठेवून दिली. तसा रंग भाऊंना कुठल्या दुकानात मिळाला नाही. मुलीच्या लग्नात बाई मोकळ्या गळ्यानं उभ्या राहिल्या. ते भाऊंच्या मनाला इतकं लागलं होतं की त्या लग्नाचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नव्हता. आता नातीचं लग्न ठरत आलं होतं, आलापल्लीला. “नातीच्या लग्नात हे पोत हिच्या गळ्यात पाह्यजे,” भाऊ मला म्हणाले होते. “मंग मी मोकळा झालो.”

म्हणून रोज सकाळी अंगणात न्यायनिवाडा व्हायचा. राखेतून आदल्या दिवसाचा मणी निघायचा, बाई तो पदरानं पुसायच्या, डब्यातली पोत काढून तिच्या शेजारी धरायच्या. भाऊ त्या वेळी पाठ फिरवून बर्नरशी काहीतरी खुडबुड करत उभे राहायचे. निकाल त्यांना समोरासमोर ऐकवत नसे. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, “नाई.” कधी पुढे कारण असायचं. हिरवा झाला. आकाशी झाला. पोट सुटलं. मग तो मणी लोणच्याच्या बरणीत जायचा. मी आले तेव्हा बरणी अर्धी होती, पुढे दुसरी काढावी लागली.

रंगाच्या नादात भाऊंनी काय काय केलं याला सुमार नाही. एकदा त्यांना वाटलं, बसच्या खिडकीची काच कडेनं बघितली तर थेट मोरपंखी दिसते. आपल्याच गाडीच्या काचेचा मणी झाला तर त्यासारखं काय, या कल्पनेनं ते इतके खूश झाले की भंगारातून अख्खी काच खांद्यावर घेऊन आले. तिचे फोडून चौकोनी खडे केले. बाईंनी डबल बेल दिली. पहिला खडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला आणि त्याच्या लाह्या झाल्या. एक लाही माझ्या चष्म्यावर आदळली, एक आरशावर, आणि एक उघड्या दारातून जाऊन बाईंच्या वरणाच्या पातेल्यात पडली. आतून एकच बेल वाजली, पण अशी की दोरी तुटून खाली आली. भाऊंनी त्याच क्षणी गॅस बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या दिवशी आम्ही तिघांनी चिवड्यावर दुपार काढली.

लग्नाला महिना राहिला असताना मला कामानिमित्त सिरोंच्याला जावं लागलं. भाऊंनी पोतीतला एक बारीक मणी रुमालाच्या गाठीत बांधून दिला. सिरोंच्याच्या बाजारात एक म्हातारी बांगडीवाली होती. तिला मराठी बेताची, मला तेलुगू अजिबात नाही. मी रुमाल सोडून मणी दाखवला. तिनं तो उजेडात धरला, हसली, आणि फळीखालून धुळीनं माखलेलं एक पुडकं ओढून काढलं. जुन्या बांगड्या, आता कुणी घेत नाही अशा. तिनं धूळ पुसली. तोच रंग होता.

परत आल्यावर भाऊंनी त्या बांगड्या दोन दिवस नुसत्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी नवा खाकी शर्ट घालून बसले. डबल बेल झाली. मी शेजारी उभी होते. त्यांचा हात इतका सारखा फिरत होता की तार फिरते आहे हे कळतच नव्हतं. नारिंगी गोळा गोल झाला, राखेत गेला. त्या दिवशी त्यांनी दुसरा मणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेलची वाट न बघता खाली गेले. बाईंनी मणी पुसला, पोतीच्या मधोमध धरला. मी अगदी जवळून बघत होते. आधीच्या बारीक मण्यांत आणि त्या मोठ्या मण्यात रंगाचा केसभरही फरक नव्हता. भाऊ नेहमीसारखे पाठ करून उभे. बाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

“नाई,” त्या म्हणाल्या. “काळा पडला. गॅस जास्त झाला असन.”

“बरं,” भाऊ म्हणाले आणि नळावर हात धुवायला गेले.

माझं डोकंच फिरलं. “बाई, डोळे तपासून घ्या! हा जुळ—” एवढंच म्हटलं असेल, तोवर बाईंनी माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. दार लोटलं.

“बोंबलू नोको. जुळला हाय. मले दिसते.”

“मग?”

बाई पाटावर बसल्या. “तू तो साल नाई पाह्यला, पोरी. रिटायर झाले, तं रोज सकाळी डबा घिऊन इष्टी स्टँडवर जाये. दिवसभर तिथी बसे, संध्याकाळी घरी. मंग तेबी सोडलं. ओट्यावर बसले, रस्त्याकडं तोंड करून. वाढलं तं जेवे, नाई वाढलं तं मागेबी नाई. सालभर माह्यासंगं बोलले नाई. घरात माणूस होता आन् घर खाली होतं. मंग एक दिवशी फोनवर ते मणीवाली पाह्यली, आन् मले म्हणे, तुहा मधला मणी करून देतो. सालभरानं तोंड उघडलं.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “मी आज हो म्हटलं, तं उद्या सकाळी काय करन हा माणूस?”

हुशारी सगळी गळून गेली. मी विचारलं, “पण लग्नात? तुमच्या गळ्यात पोत बघायची आहे त्यांना. मोकळ्या गळ्यानं उभ्या राहिलात तर?”

“पाहू,” बाई म्हणाल्या. मग तो मणी माझ्या मुठीत दाबला. “हा घरात ठिवू नोको. बरणीत पाह्यला तं त्यायले समजन.”

त्या महिन्यात भाऊंनी रोज त्याच बांगड्यांचे मणी केले आणि बाईंनी रोज नाही म्हटलं. कुठला खरंच काळा पडला होता, कुठल्याचं पोट सुटलं होतं. एक-दोन बऱ्यापैकी होते, तेही बरणीत गेले. मी रोज वर जाऊन माझ्या पेटीत लपवलेला तो मणी बघायची आणि मला अपराध्यासारखं वाटायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊंनी बर्नर पुसून झाकून ठेवला. “नाई जमलं, मॅडम,” ते म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. सारं सांगून टाकावं असं मला फार वाटलं, पण बाईंचा शब्द मोडवेना.

आलापल्लीला मांडवात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती. भाऊ पहिल्या रांगेत, अर्थात उजव्या टोकाला. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी बाई नातीला घेऊन आल्या. त्यांच्या गळ्यात पोत होती. सगळे मणी मोरपंखी, आणि मधोमध, सगळ्या मांडवाला दिसेल असा, तो पहिला मणी. एका गालात पान ठेवलेला, तिरक्या भोकाचा, ना निळा ना हिरवा.

बायकांनी घेरलंच. विहीणबाईंनी तर बोटात धरून बघितला. “हा मधला असा कसा वो?”

“ह्यायनं केला सोतःच्या हातानं,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “अजून बरोबर रंग नाई जुळला. करून राह्यले. तवर हा घातला.”

भाऊ जागचे उठले. उजवं टोक सोडून उठताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझ्याजवळ आले. “दोन बरण्या भरून मणी हाय घरी,” म्हणाले. “आन् हिनं तोच घातला.” जेवणाच्या वेळी बघते तर ते नवऱ्या मुलाच्या मामांना थंडं इंजिन का रेस करू नये ते समजावत होते, आणि मामांच्या हातात एक रिकामी तार होती.

चंद्रपूरला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सव्वासहाला, डबल बेल.

पुढे माझी सिरोंच्यालाच बदली झाली. निघताना भाऊंनी कोंड्याच्या राखेची गोणी, बारा तारा आणि वेल्डिंगचा चष्मा माझ्या सामानात स्वतः रचून दिला. इथे मागच्या पडवीत मी माझा बर्नर मांडला आहे. खिडक्या उघडते, बादली भरते, केस बांधते. सगळं येतं. पण इथे मी एकटी राहते, आणि एकटीला बर्नर पेटवायची परवानगी नाही. म्हणून रविवारी सकाळी मी चंद्रपूरला फोन लावून तो स्पीकरवर ठेवते. माझं काम होईपर्यंत फोन चालू ठेवायचा आणि तासाभरात मी बोलले नाही तर माझ्या शेजारणीला फोन करायचा, अशी भाऊंनी व्यवस्था लावून दिली आहे.

मागच्या रविवारी फोन भाऊंनीच उचलला. “जयभीम, मॅडम. थांब, हे अंगणात कपडे टाकून राह्यली, आली का बेल देते.” मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “तुह्या बांगड्यायचा तो पयला मणी तुह्यापाशीच हाय नं?”

माझ्या हातातली तार थांबली.

“जपून ठिवजो. बरोबर जुळला होता तो.”

“भाऊ, तुम्ही तर पाठ करून उभे होतात.”

“आरसा कायले लावला मंग? मणी मी नाई पाह्यला. हिचं तोंड पाह्यलं. ‘नाई’ म्हणाच्या आगुदर हसली होती हे.” मग आवाज आणखी खाली गेला. “हिले सांगजो नोको. मले मालूम हाय म्हून समजलं, तं उद्या नाई काऊन म्हणन हे?”

मागून बाईंचा आवाज आला, “कोणासंगं बोलून राह्यले वो?”

“मॅडमले बेल पाह्यजे!” भाऊ ओरडले.

फोनमधून दोन बेला आल्या. मी चष्मा लावला आणि बर्नर पेटवला.